गदा कोणाच्या गावची?

देऊळघाटात त्या रविवारी दिवस बुडाल्याबरोबर थंडी उतरली होती. पैनगंगेच्या काठचं गाव; हिवाळ्यात माणसं लवकर दारं लावून घेतात. तरी चहाच्या हॉटेलात दहा-बारा जण एका मोबाइलवर वाकून उभे होते. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवलेला. रेंज यायची, जायची. चित्र मध्येच गोठायचं आणि दोन आडदांड गडी एकमेकांच्या मानेत हात घालून तसेच थांबलेले दिसायचे. तारीख २३ डिसेंबर २०१८. जालन्यात महाराष्ट्र केसरीची शेवटची कुस्ती लागली होती.

जालना आम्हाला परकं नाही. धाड ओलांडलं की त्यांचाच जिल्हा लागतो. पण गर्दी जमली ती जालना जवळ म्हणून नव्हे. एका बाजूला पुण्याचा अभिजित कटके होता, आदल्या वर्षीचा महाराष्ट्र केसरी. दुसऱ्या बाजूच्या गड्याच्या नावाला जोडून निवेदक जो शब्द घेत होता, तो या स्पर्धेच्या शेवटच्या कुस्तीत आमच्यापैकी कोणी ऐकलेला नव्हता. बुलढाणा. बुलढाण्याचा बाला रफिक शेख.

लगेच हॉटेलात शोध सुरू झाला. शेख आहे म्हणजे आपल्याच गावचा असेल, इथपर्यंत एकाची मजल गेली. देऊळघाटात शेखांची घरं काही कमी नाहीत. दुसऱ्यानं त्याला मेहकरचा केला, तिसऱ्यानं चिखलीचा. एवढा थोरला पैलवान जिल्ह्यात वाढला आणि आपल्याला पत्ता नाही, याची कोणालाच लाज वाटत नव्हती, कारण तेवढ्यात गुण पडत होते आणि ते आपल्या बाजूला पडत होते. कुस्ती ११-३ अशी सुटली. गदा बुलढाण्याला. पोट्ट्यांनी फटाके शोधले, दिवाळीतले उरलेले दोन सुतळी बॉम्ब सापडले, ते वाजवले.

बाला रफिक देऊळघाटचा नाही, मेहकरचाही नाही. त्याचं गाव खडकी, तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर. घरात कुस्ती बापापासून. तालीम कोल्हापूरच्या न्यू मोतीबागेत, गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली, पुढे पुण्यात. बुलढाणा हे त्याच्या नावापुढे लागलेलं जिल्ह्याचं नाव, संघाच्या यादीतलं. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळलं. हॉटेलवाला म्हणाला की आता काय, बॉम्ब तर वाजवून झाले.

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. गदा कोणाच्या गावची असते? जिथं जन्म झाला त्या गावची, जिथं दूध-बदाम पोटात गेले त्या तालमीची, की ज्या जिल्ह्याच्या नावानं जोड लागली त्या जिल्ह्याची? उत्तरासाठी आधी ही स्पर्धा काय चीज आहे ते पाहावं लागतं.

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ साली उभी राहिली, मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकारानं. परिषदेच्या अधिवेशनात राज्यभरचे पैलवान वजनावार खेळू लागले आणि १९६१ साली औरंगाबादच्या अधिवेशनात पहिल्यांदा महाराष्ट्र केसरी हा किताब दिला गेला. पहिले मानकरी दिनकर दह्यारी. तेव्हापासून आजपर्यंत बाकीच्या वजनगटांचे विजेते कोण, हे त्या त्या पैलवानाच्या घरच्यांना आणि वस्तादांना माहीत असतं. केसरी कोण, हे पानटपरीवरही माहीत असतं.

कारण केसरी हा जड वजनाचा. अलीकडच्या नियमानं ८६ ते १२५ किलोंच्या पैलवानांना या गटात उतरता येतं. म्हणजे ८६ किलोंचा गडी १२५ किलोंच्या गड्यासमोर उभा राहू शकतो. मध्ये ३९ किलोंचा फरक. माती आणि गादी असे दोन विभाग. लाल मातीच्या हौद्यातून एक जण वर येतो, मॅटवरून दुसरा. मग या दोघांची गाठ. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. पाठ लागली तर चितपट, दहा गुणांचा फरक पडला तर तिथंच निकाल, नाहीतर शेवटी गुणांवर. बाला रफिकच्या ११-३ मध्ये फरक आठचा होता, म्हणून कुस्ती पूर्ण सहा मिनिटं चालली. रेंज नसलेल्या मोबाइलवर सहा मिनिटं म्हणजे फार झाली.

वजनाची अट सैल ठेवून सगळ्यांत जबरा कोण ते एकदाचं ठरवून टाकावं, ही हौस आपलीच नाही. जपानमध्ये काझुयोशी इशिई या कराटेच्या गुरूनं १९९३ साली के-वन नावाची किकबॉक्सिंगची स्पर्धा काढली. आठ जड वजनाचे लढवय्ये, एकच रात्र. जिंकायचं तर एका रात्रीत तिघांना लोळवायचं. पहिल्याच वर्षी क्रोएशियाचा ब्रान्को सिकाटिच जिंकला, वय ३८. अंतिम सामन्यात त्यानं ज्याला आडवं केलं, तो नेदरलँड्सचा एर्नेस्टो होस्ट पुढे चार वेळा विजेता झाला. मला या स्पर्धेतला सर्वांत बोलका किस्सा होस्टचाच वाटतो. २००२ साली दीडशे किलोंच्या वरच्या बॉब सॅपनं त्याला एकाच हंगामात दोनदा हरवलं. दुसऱ्यांदा हरवताना सॅपचाच हात मोडला, हरलेला होस्ट त्याच्या जागी पुढं गेला आणि त्याच रात्री चौथ्यांदा विजेता ठरला. स्वित्झर्लंडचा अँडी हग या डोंगराएवढ्या माणसांत अंगानं लहान. १९९६ साली तोही जिंकला, आणि चार वर्षांनी ३५व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगानं गेला. २ मीटर १२ सेंटिमीटर उंचीचा सेमी शिल्ट आला आणि त्यानं चार वेळा किताब नेला, त्यांतले तीन ओळीनं. शिल्ट आल्यावर लोकांचा रस कमी झाला असं म्हणतात. मला ते पटतं. सगळ्यांत मोठाच सगळ्यांत जबरा असेल तर पाहायचं काय?

आपल्याकडे लाथ-बुक्की नाही, पण ओढ तीच. फरक इतका की के-वनचा निकाल एका रात्रीत लागायचा, आणि आपला गडी गदेपर्यंत पोचतो तेव्हा त्याच्या मागं दहा-पंधरा वर्षांची तालीम, बापाची विकलेली एखादी म्हैस आणि गावोगावच्या जत्रांतल्या शेकडो जोडी असतात.

या जत्रांना आमच्या वऱ्हाडात मैदान म्हणत नाहीत. कोल्हापूर-सांगलीकडे 'मैदान' किंवा 'फड'. इकडे 'आम दंगल'. शब्द वेगळा, रीत तीच. दुपारी रेवड्यांवर पोरासोरांच्या कुस्त्या, मग नारळ, मग पन्नास-शंभराच्या जोडी, हलगी तापत जाते आणि दिवस कलताना शेवटी एक नंबरची कुस्ती. लहानपणी मी पाहिलेल्या दंगलींत एक नंबरचा गडी नेहमी बाहेरचा असायचा. सकाळच्या एसटीनं यायचा, झाडाखाली झोपायचा, संध्याकाळी शड्डू ठोकायचा, इनाम लंगोटाच्या पिशवीत टाकून रात्रीच्या गाडीनं परत. आमच्या गावच्या गड्यांच्या कुस्त्या तोवर होऊन गेलेल्या असत. आधी ठरवून केलेली नूरा कुस्ती कोणती आणि खरीखुरी काटा कुस्ती कोणती हे म्हाताऱ्यांना पहिल्या सलामीतच कळायचं. आम्हाला मात्र दोन्हींत सारखीच मजा यायची.

राज्याच्या यादीतही आमच्या जिल्ह्याचं असंच आहे. १९६७ साली अधिवेशन खामगावला भरलं. कापसाच्या बाजाराचं गाव, आणि चांदीच्या व्यापारामुळे रजतनगरी म्हणवणारं. तिथं चंबा मुतनाळ जिंकले; पुढच्या वर्षीचा किताबही त्यांनीच घेतला. मग २००० साली पुन्हा खामगाव, आणि विजेता कोल्हापूरचा विनोद चौगुले. चांदी आमच्या जिल्ह्याची, गदा घेऊन जाणारा पाहुणा. सगळ्या विदर्भाची गत फारशी निराळी नव्हती. अमरावतीला १९६४ साली अधिवेशन झालं, गणपतराव खेडकर जिंकले. अकोल्याला १९७३ साली लक्ष्मण वडार. आम्ही मंडप टाकायचा, जेवणाच्या पंगती उठवायच्या, टाळ्या वाजवायच्या.

विनोद चौगुलेचं नाव निघालं की बापाचं निघणारच. दादू चौगुले १९७० साली पुण्यात आणि १९७१ साली अलिबागला महाराष्ट्र केसरी झाले. १९७३ साली रुस्तम-ए-हिंद. १९७४ साली न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत शंभर किलोंच्या वरच्या गटात रौप्यपदक. पहिल्या किताबानंतर तीस वर्षांनी त्यांच्या लेकानं आमच्या खामगावात गदा उचलली. दादूंची तालीम मोतीबाग, वस्तादांत गणपतराव आंदळकर. बाला रफिकचे वस्तादही तेच. म्हणजे २००० साली आमच्या जिल्ह्यात गदा उचलली ती आंदळकरांच्या शिष्याच्या मुलानं, आणि २०१८ साली आमच्या जिल्ह्याच्या नावानं उचलली ती आंदळकरांच्या शिष्यानं. बुलढाण्याच्या गदेचा उगम शोधत गेलं की माणूस पैनगंगेवर न पोचता पंचगंगेवर पोचतो.

आंदळकर सांगली जिल्ह्यातल्या पुनवतचे. १९६० चे हिंदकेसरी, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि रौप्य, १९६४ साली टोकियो ऑलिंपिकला गेलेले आणि त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळवलेले. १६ सप्टेंबर २०१८ रोजी ते गेले. शिष्याची गदा पाहायला तीन महिने कमी पडले.

कोल्हापूरलाच हे का जमतं, यावर आमच्याकडे दोन उत्तरं ठरलेली. एक, शाहू महाराज. त्यांनी खासबागेचं मैदान बांधलं, पैलवानांना राजाश्रय दिला, तालमींना संस्थानाचं पाठबळ मिळालं. दुसरं, माती. दुसऱ्यावर माझा विश्वास नाही. हौद्याची माती कुठलीच तयार मिळत नाही. तांबडी माती चाळून आणायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून रोज मळायची, उकरायची. वर्षभर हे केलं की ती अंगाला लागेनाशी होते. आमची काळी माती ओली झाली की पाय धरते आणि वाळली की ढेकूळ होते, हे खरं. पण तांबडी माती ट्रकानं आणता येते. दूध ट्रकानं रोज आणता येत नाही. ऊस, सहकारी कारखाना, दारात दोन म्हशी आणि पोराच्या खुराकाला महिन्याचे पैसे बाजूला काढू शकणारा बाप हे तिकडचं खरं भांडवल. आमच्याकडे कापूस आणि सोयाबीन, आणि तेही पावसाच्या भरवशावर. पाऊस दोन वर्षं फिरला की घरातला पहिला खर्च जो बंद होतो तो बदामाचा. मुलगा तालमीतून कायमचा घरी येतो तो असा, कुस्ती हरून नव्हे.

मराठवाड्याची शेतीही पावसावरचीच, तरी तिथून पैलवान निघाले, हे मला मान्य करावं लागेल. हरिश्चंद्र बिराजदार लातूर जिल्ह्यातले. १९६९ साली लातूरलाच महाराष्ट्र केसरी झाले, पुढे हिंदकेसरी, आणि १९७७ साली बेळगावात त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरवलं. त्या कुस्तीच्या गोष्टी ती न पाहिलेली माणसंही पाहिल्यासारख्या सांगतात. नंतर बिराजदार पुण्याला गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. त्यांच्या हाताखालून काका पवार निघाले. काका पवारांच्या कात्रजच्या संकुलातून पुढच्या पिढीचे अर्धे केसरी निघाले म्हटलं तरी चालेल. म्हणजे लातूरचा गडी पुण्याला गेला तेव्हा कुठं लातूरचा वारसा पुढं चालला.

सोलापूरचं तर वेगळंच. बोरामणी गावच्या शेखांच्या एका घरात तीन महाराष्ट्र केसरी: १९८० साली इस्माईल शेख, १९९२ साली आप्पालाल शेख, २००२ साली मुन्नालाल शेख. अंबाजोगाईचा सईद चाऊस २००५ साली. मग बाला रफिक, मग सिकंदर शेख. हौद्यात उतरताना मातीला हात लावून कपाळाला लावायचा, मारुतीच्या तसबिरीला नमस्कार करायचा. शेखांनी हे कधी नाकारलं नाही आणि त्यांना ते कोणी समजावूनही सांगावं लागलं नाही. देऊळघाटसारख्या दोन्ही समाजांच्या गावात राहणाऱ्याला यात नवल वाटत नाही. सुतळी बॉम्ब वाजवणारी पोट्टीही त्या संध्याकाळी दोन्ही आळ्यांतली होती.

अभिजित कटकेचं मला वाईट वाटतं, हे इथं सांगून टाकतो. २०१६ साली अंतिम कुस्तीत तो विजय चौधरीकडून हरला. २०१७ साली भूगावला किरण भगतला हरवून केसरी झाला. २०१८ साली पुन्हा अंतिम फेरीत आला आणि बाला रफिकनं त्याला थांबवलं. तीन वर्षं ओळीनं शेवटच्या कुस्तीपर्यंत येणं ही साधी गोष्ट नाही, पण यादीत त्याच्या नावापुढे एकच वर्ष लागतं. २०२३ साली तो हिंदकेसरी झाला तेव्हा देऊळघाटात कोणी फटाके वाजवले नाहीत, पण मला बरं वाटलं. ज्या विजय चौधरीनं त्याला पहिल्यांदा अडवलं, तो चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा. २०१४, १५, १६ अशी ओळीनं तीन वर्षं केसरी, नंतर पोलिस खात्यात उपअधीक्षक. त्याच्या आधीची तीन वर्षं नरसिंग यादवची. नरसिंग एरवी ७४ किलोंत खेळणारा, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला त्याच वजनात गेलेला. तोच गडी घरी येऊन जड वजनाचा किताब तीनदा नेतो, यातून जड वजनाच्या आपल्या पैलवानांबद्दल काय समजायचं ते वाचकानं समजावं.

२०२० सालची बालेवाडीची केसरीची अंतिम कुस्ती मात्र पुन्हा पुन्हा पाहावी अशी. हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, दोघेही काका पवारांचे शिष्य, एकाच संकुलात एकाच थाळीला बसणारे. ३-२ असा निकाल लागला. सदगीर जिंकला, आणि त्यानं हरलेल्या शेळकेला खांद्यावर घेऊन मैदानात फिरवलं. ते छायाचित्र आमच्या हॉटेलात अजून लावलेलं आहे, पंचांगाच्या शेजारी.

नंतरच्या वर्षांत मात्र या खेळाला वादाची वाळवी लागली. २०२३ च्या जानेवारीत पुण्यात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत बाहेरील टांग डावाला चार गुण दिले गेले आणि राज्यभर माणसं पंच होऊन बसली. त्या स्पर्धेत शिवराज राक्षेनं गायकवाडला मिनिटाच्या आत चितपट करून गदा नेली, सोबत थार गाडी. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला सिकंदरनं राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत झोळी डावावर आसमान दाखवलं. त्याच महिन्यात दुसऱ्या संघटनेची स्पर्धा धाराशिवला झाली, तिथं राक्षे जिंकला. एका महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी! संघटना फुटल्या की किताबही फुटतो. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला राक्षेला चितपट ठरवलं गेलं, त्याला ते मान्य नव्हतं, आणि त्यानं पंचांना लाथ मारली. त्याच संध्याकाळी अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडनं निर्णयावर चिडून काही सेकंद उरलेले असताना मैदान सोडलं. पृथ्वीराज मोहोळ विजयी. राक्षे आणि गायकवाड, दोघांवर तीन वर्षांची बंदी. निर्णय चुकला असेल, नसेल. ते चित्रफितीवर पुन्हा तपासता येतं. लाथ मागं घेता येत नाही. जपानमध्ये ज्या गोष्टीसाठी चषक देतात, तिला आपल्याकडे बंदी आहे, आणि ती राहावी.

आता पुन्हा माझ्या मूळ प्रश्नाकडे. वर ज्यांची नावं आली त्यांचे पत्ते बघा. हर्षवर्धन सदगीर अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याचा, म्हणजे नगर जिल्ह्याचा. गदा जिंकली नाशिकच्या नावानं. शिवराज राक्षे पुणे जिल्ह्यातल्या राजगुरुनगरजवळचा. २०२३ ची गदा नांदेडच्या नावानं. बाला रफिक करमाळ्याचा. गदा बुलढाण्याच्या नावानं. गाव एका जिल्ह्याचं, तालीम दुसऱ्याची, नाव तिसऱ्याचं. यात लबाडी नाही. स्पर्धेला प्रत्येक जिल्ह्याचा संघ जातो आणि केसरीच्या गटात एका संघाला मातीत एक, गादीवर एक अशा दोनच जागा. पुणे-कोल्हापुरात एकेका तालमीत केसरीच्या तोडीचे चार-चार गडी. त्यांना दोन जागांत बसवणार कसं? मग ज्या जिल्ह्यांच्या जागा रिकाम्या राहायच्या, तिथून ते उतरतात. पैलवानाला मैदान मिळतं, जिल्ह्याला नाव मिळतं. बुलढाण्याची जागा बाला रफिकला मिळाली याचा अर्थ एवढाच की त्या जागेसाठी त्याला अडवील असा बुलढाण्याचा गडी नव्हता.

हे कळल्यावर हॉटेलातले दोघे-तिघे हिरमुसले. मी नाही हिरमुसलो. नाव उसनं देऊनही गदा आली. ती आली नसती तर मेहकरचा का चिखलीचा यावर त्या रात्री वादही झाला नसता. पण कौल मागाल तर माझा कौल असा: ती गदा खडकीची आणि मोतीबागेची. बुलढाण्याचं त्यात जागेपुरतं आणि सुतळी बॉम्बपुरतं.

मग बुलढाण्याची स्वतःची कुस्ती कोणती? इथं मला एक आकडा सारखा आठवतो. ५७.

१९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. वजनगट ५७ किलो. त्यांना पाठवायला पैसे नव्हते, तर राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. आता १५ जानेवारी, खाशाबांचा जन्मदिवस, राज्याचा क्रीडा दिन झाला आहे. त्यांच्यानंतर ऑलिंपिकच्या कुस्तीत पदक आणणारा मराठी पैलवान अजून निघालेला नाही. टोकियोला रवी दहियानं रौप्य जिंकलं: ५७ किलो. पॅरिसला अमन सेहरावतनं कांस्य जिंकलं: ५७ किलो. हे दोघे हरियाणाचे. आणि ज्या २०१८ साली आम्ही डिसेंबरात गदेसाठी बॉम्ब वाजवले, त्याच वर्षी एप्रिलमध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेनं सुवर्णपदक आणलं होतं. वजन ५७ किलो. त्या दिवशी देऊळघाटात मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवलेला मला आठवत नाही.

५७ किलोंच्या पोराचा खुराक १२५ किलोंच्या गड्याच्या खुराकाच्या अर्ध्याहून कमी. कोरडवाहू बापाला तो झेपू शकतो. आमच्या भागातली पोट्टी कापसाच्या पऱ्हाटीसारखी काटक. पळण्यात, सैन्यभरतीच्या मैदानात ती मागं पडत नाहीत. सव्वाशे किलोंचा गडी देऊळघाटात घडवायला आम्हाला अजून दोन पिढ्या आणि एक धरण लागेल. सत्तावन्न किलोंची पोरं आज घरोघर आहेत, शाळेच्या व्हरांड्यात एकमेकांच्या कमरेत पाय अडकवून पडताहेत.

म्हणून देऊळघाट आणि आसपासच्या गावांतल्या दंगल भरवणाऱ्या मंडळींना एक विनंती. यंदा वर्गणी गोळा कराल तेव्हा बाहेरचा जड गडी बोलवाच, त्याच्याशिवाय लोक येत नाहीत. पण दिवस कलताना, हलगी पुरती तापल्यावर, एक नंबरची शेवटची कुस्ती ५७ किलोंची लावा, जोड आपल्याच तालुक्यातली घ्या, आणि सगळ्यांत मोठं इनाम तिच्यावर ठेवा. पहिले पाचशे एक रुपये माझे लिहून घ्या.